ओठ न हलवता

मी मुळातच भित्री. पालीला भिते, साहेबांच्या फोनला भिते, इंग्रजी पत्र आलं तर ते फोडायच्या आधीच भिते. पण त्या दिवशी लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि माझी अक्षरशः बोबडी वळली. ओळ इंग्रजीत होती. अर्थ एवढाच होता, की कृपया ओठ हलवू नका.

परीक्षा नेटवर्किंगची होती आणि घरी बसून द्यायची होती. केळव्याच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, दाराला आतून कडी घालून मी बसले होते. समोरच्या कॅमेऱ्यातून कुठल्याशा शहरातला एक न दिसणारा परीक्षक माझ्यावर नजर ठेवून होता. आता मी मराठी शाळेत शिकलेली बाई. इंग्रजी वाक्य ओठांवर आणल्याशिवाय ते माझ्या डोक्यात शिरतच नाही. त्याला वाटलं, खोलीत कुणीतरी लपलंय आणि मी त्याच्याशी बोलतेय. दुसरी ताकीद आली तेव्हा मी खालचा ओठ दातांत धरला. पुढचे पाच-सहा प्रश्न तसेच काढले. मग एक लांबलचक प्रश्न आला, वाचता वाचता दात सुटले, आणि पडद्यावरचा प्रश्नच गेला. परीक्षा रद्द झाली होती.

बाहेर येऊन मी सासूबाईंना सांगितलं.

"ओठ हालले म्हनून नापास?"

"नापास नाही हो आई, हाकलून दिलं."

"म्हंजे नापासापेक्षा वाईट," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

ही परीक्षा माझ्या मानेवर कशी बसली ते सांगायला हवं. बोईसरच्या एका कारखान्यात मी माल पाठवण्याच्या विभागात कारकून म्हणून लागले. तिथला कॉम्प्युटरवाला सोडून गेला, आणि माझ्या टेबलामागच्या कपाटात नेटवर्कच्या पेट्या होत्या म्हणून हळूहळू त्या माझ्याच गळ्यात पडल्या. वायर हलली की बोलवा हिला, दिवा लाल झाला की बोलवा हिला. मी इंटरनेटवर बघून, जीव मुठीत धरून आज्ञा टाइप करायचे. एकदा नवा विभाग जोडायचा होता. जुन्या विभागांच्या जोडीला हाही या वायरवरून जाऊ दे, असं त्या पेटीला सांगायचं. त्यासाठी आज्ञेत 'ॲड' हा एक शब्द लागतो. तो माझ्याकडून राहिला. पेटीने अर्थ घेतला, की हा एकच जाऊ दे, बाकी सगळे बंद. एंटर दाबल्याबरोबर ऑफिस गेलं, गोदाम गेलं, गेटवरचा वजनकाटा गेला. ट्रकांची रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत सुटले. साहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही काय केलंत?" आणि मला उत्तर देता येईना, कारण मी काय केलं ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्या प्रश्नाची धास्ती मी अजून बाळगून आहे. पुढे कंपनीने नेटवर्कचं काम बाहेरच्या लोकांना द्यायचं ठरवलं. साहेब म्हणाले, पुढच्या महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा, तर तुमचं नाव राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि माल पाठवण्याच्या विभागातली माझी खुर्ची केव्हाच भरली होती. म्हणजे प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही, इतका सरळ हिशेब.

पहिली खेप अशी वाया गेली. मुदत संपायच्या आत आणखी एकच तारीख मिळत होती.

अभ्यासाला मी तशी कच्ची नव्हते. राउटिंग मला मनापासून कळलं होतं. केळव्यात कुणाला मासवणचा रस्ता विचारला तर तो सगळा रस्ता थोडाच सांगतो? तो म्हणतो, पालघरला जा, तिथे विचारा. राउटरही तेवढंच करतो. पुढचा नाका सांगतो आणि मोकळा होतो. त्याला पूर्ण वाट माहीत नसते, हे कळलं तेव्हा मला त्याच्याविषयी आपुलकीच वाटली. नेटवर्कचे तुकडे पाडायचे आकडे मी पाढ्यांसारखे पाठ केले होते. एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, दोनशे चोवीस, दोनशे चाळीस. अडचण होती ती तोंडाची.

तोड सासूबाईंनीच काढली. आमची सुपारीची वाडी आहे आणि अडकित्ता त्यांच्या हातातून सहसा सुटत नाही. संध्याकाळी मी कामावरून आले की त्या ओटीवर माझ्यासमोर मांडी घालून बसायच्या, आणि मी पुस्तक वाचताना ओठ हलले की अडकित्ता फरशीवर आपटायच्या. टक्. "हालले." मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. टक्. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं बाकी होतं. शेजारीण एकदा डोकावून म्हणाली, ही कसली शिकवणी? तर सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "नेटवर्कची." दुसऱ्या आठवड्यात टक् कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात मी आख्खं पान मिटल्या तोंडाने वाचलं. त्या म्हणाल्या, "बग, तुजं तोंड आता कायद्यात राहतं हाय." लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर सुनेला असं ऐकवायची संधी त्या सोडतील कशा?

परीक्षेचा दिवस मंगळवार होता. मुद्दामच निवडला, कारण शनिवार-रविवारी मुंबईची माणसं किनाऱ्यावर येतात आणि त्यांच्या गाण्यांनी आमच्या भिंती हलतात. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, मुलगी शाळेत. घर राखायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. कुकर लावायचा नाही असं त्यांनीच ठरवलं. मासळीची पाटी घेऊन मावरं विकायला येणारीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, की उद्या आमच्या दारात हाळी द्यायची नाय. त्यांची ही धावपळ बघून माझीच भीती वाढत होती.

"आई, काही झालं तरी आवाज करायचा नाही," मी त्यांना बजावलं. "तुमचा आवाज त्या माणसाने ऐकला तर संपलं सगळं. मला हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही."

"ब्र काढनार नाय," त्या म्हणाल्या. "तू जा."

मोबाइल खोलीत ठेवायला परवानगी नसते. तो मी त्यांच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

कॅमेरा फिरवून परीक्षकाला खोली दाखवली, टेबलाखाली दाखवलं, मनगटं दाखवली, कानामागचे केस बाजूला करून दाखवले. पहिला प्रश्न आला. या परीक्षेत मागे जाता येत नाही. उत्तर दिलं की ते गेलं. पण तोंड मिटलेलं होतं आणि पडद्यावर ताकीद आली नव्हती. अर्धी परीक्षा अशी सरली.

तेवढ्यात बाहेर माझा मोबाइल वाजला.

फोन मुका करून द्यायला मी विसरले होते! दुनियेच्या पेट्यांना काय आज्ञा द्यायची ते पाठ करणारी मी, आणि हातातल्या फोनचं एक बटन दाबायला विसरले. सासूबाईंना तो बंद करता येत नाही. मला त्यांची अनवाणी पावलं ऐकू आली. फोन घेऊन त्या घाईघाईने मागल्या दाराने वाडीत निघाल्या होत्या, आवाज माझ्यापासून लांब नेण्यासाठी. घंटी लांब लांब गेली. मग काहीतरी धप्पकन पडलं. घंटी एकदम दबली, आणि थांबली.

मी पडद्याकडे बघत राहिले. समोर तीन वाटा दिलेल्या होत्या आणि राउटर त्यांतली कुठली निवडेल असा प्रश्न होता.

मी स्वतःला सांगितलं, झावळी पडली. वाडीत दिवसभर काही ना काही पडतच असतं, झावळी पडते, नारळ पडतो, कुणी मान वर करूनही बघत नाही. पण झावळी पडताना आधी सळसळते, आणि हे सळसळलं नव्हतं. आणि वाडीतून घराकडे परत येणारी पावलं मला ऐकू आली नव्हती. पावसाळा सरत आला होता, मागल्या पायरीवर शेवाळ होतं आणि ते घासायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या माहीत होतं. मला नंतर कळलं असं मी म्हणू शकत नाही.

उठले असते तर परीक्षा रद्द. हाक मारली असती तर परीक्षा रद्द. नुसती मान वळवून दाराकडे बघितलं, तर लगेच ओळ उमटली, नजर पडद्यावर ठेवा. मी नजर पडद्यावर ठेवली. मला इतकी भीती वाटत होती की घाम हनुवटीवरून टेबलावर पडत होता, आणि ती भीती सासूबाईंची होती की परीक्षेची, हे मला आजही नीट सांगता येत नाही. प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी ते दिलं आणि बटन दाबलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. अजून पाऊण तास उरला होता, तो मी संपूर्ण वापरला नाही. पण निम्म्याहून जास्त वापरला.

शेवटी पडद्यावर पास असं आलं. मी ते धड वाचलंही नाही. कडी काढून मागल्या दाराला धावले.

सासूबाई पायरीखाली कुशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळला होता. फोन पोटाखाली दाबून धरला होता आणि पदराचा बोळा दातांत घट्ट चावलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. मला बघून त्यांनी नुसता हात हलवून विचारलं, काय?

"झाली, आई. संपली परीक्षा. पास झाले."

तेव्हा त्यांनी पदर तोंडातून काढला आणि किंचाळल्या. आजूबाजूच्या वाड्यांमधली माणसं धावत आली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पालघरला ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर घेऊन ओटीपर्यंत येतात. माझं नाव कंपनीत राहिलं, आणि परवा साहेबांनी पुन्हा 'तुम्ही काय केलंत?' हा तोच प्रश्न विचारला तेव्हा मी काय केलं होतं ते मला धडाधड सांगता आलं. फोन कुणाचा होता तेही पाहिलं. विमा विकणाऱ्यांचा होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई एकच गोष्ट सांगतात. "मी बाजूलाच पडलेली हाय, पन माज्या सुनेला कायच आयकू आला नाय. इतका तिचा ध्यान अब्यासात!" ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघतात. कुणीतरी हटकून विचारतं, खरंच काही ऐकू आलं नाही? सासूबाई माझ्याकडे बघतात, आणि मला वाटतं, आता त्या विचारणार. अजून विचारलेलं नाही. त्याच माझ्या वतीने उत्तर देऊन टाकतात, "नाय, कायच नाय." मग मी चहा ठेवायला आत जाते.