दारापुढचा तरवड

समोरच्या घरातले मामा कुंभकोणमच्या बाजारात पितळी भांडी विकतात. दुकानात तमिळ बोलतात, आमच्याशी घरातली जुनी मराठी. काहीही विचारलं तरी आधी "पाहूं" म्हणतात, आणि बोलणं सगळं फाटकाबाहेर उभं राहूनच.

बाबा गेल्यावर आईनं अंगणात येणं सोडलं. तिचा मोगरा त्या कोरड्या वाळूत वाळून गेला. एका सकाळी मामा प्रथमच फाटक उघडून आत आले. त्यांनी तरवडाच्या बिया दगडावर घासल्या, वाळूत पेरल्या आणि आईला हाक मारली.

"अक्का, हा आवारम्. रुजला की मग पाणी घालूं नका. कोण्ही घालूं लागलं तर अडवा."

"मग मी करू काय?"

"पाहात बसा."

आई रोज पायरीवर राखणीला बसू लागली. एकदा रोपं मला सुकल्यासारखी वाटली. मी बादली उचलली, तर ती माझ्यावर केवढ्यानं ओरडली! तिचा चढलेला आवाज ऐकून मला बरंच वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळी फुलं आली. आईनं चपला घातल्या आणि मला काही न सांगता रस्ता ओलांडला.

"फुललाय. चला, दाखवते."

मामा जेवायला बसले होते. ते तसेच उष्ट्या हातानं तिच्यामागून आले.