हलीमाबी हजला गेलीच नव्हती

पूर्वज शोधायला निघालं की पूर्वज सापडतो एक आणि किस्से ढीगभर! आमच्याकडे दोन वर्षांत इतके साचलेत की कतारमधल्या अल वक्र्याच्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी जेवायला येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढताच विचारतो, "हलीमाबीचं काय नवीन?"

हलीमाबी म्हणजे माझ्या हमीदमामूंच्या पणजोबांची आई. गाव रत्नागिरीजवळचं. मामू तीस वर्षं दोह्यात क्लार्क आहेत, आमचे इथले वडीलधारे तेच.

सुरुवात केली झोयाने. ही माझी लेक, वय अकरा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट होता. मामू ऐटीत म्हणाले, "हलीमाबी हजला निघाली होती. वाटेत बोट बुडाली."

"नाना, व्हिच बोट?"

मामू जरा अडखळले. "बुडालेली!"

*

मी गावी अम्मीला फोन लावला. ती आधी हसली, मग दार लोटल्याचा आवाज आला.

"कसली बोट गो! खोताने तिची दुभती म्हैस सोडून नेलीन, हिने त्याचं घर पेटवलंन. काळ्या पाण्यावर धाडली तिला. दोन वर्षांचा पोर मागे राहिला. मामूला सांगू नको हां."

"का?"

"त्याला ठाऊक आहे!"

*

अंदमानचे जुने कैदी शोधणारा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथल्या एका ताईंनी आठ महिन्यांनी रजिस्टरच्या पानाचा स्कॅन पाठवला. मी मुशैरिबला ऑफिसात होते. घाईत प्रिंट दिली, ती नेमकी एचआरच्या साहेबांच्या हाती लागली.

"शबाना, हा कन्व्हिक्ट कोण?"

"सर, माझ्या मामूंची खापरपणजी."

साहेब गंभीर झाले. "पण तुझं पोलीस क्लिअरन्स तर क्लीन होतं!"

*

त्या पानावर उंची होती, चार फूट दहा इंच. पुढे वर्तणूक: 'भांडखोर. मुकादमिणीच्या डोक्यात करवंटी घातली.'

इरफानने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते दोनदा वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं. कागद परत देत म्हणाला, "डीएनए टेस्टचा खर्च वाचला."

*

पुढच्या पानावर लग्न निघालं. तिथे कैदी बायकांना कैद्यांशीच लग्न करायची परवानगी मिळायची. हलीमाबीने दोघांना नकार दिला आणि तिसऱ्याला हो म्हटलं. हे झोयाने जेवताना सगळ्यांसमोर वाचलं. "शी रिजेक्टेड टू, नाना! शी हॅड ऑप्शन्स!"

मामूंनी हातातला घास खाली ठेवला. "आमच्या घरची बाई. इथे नवरा, पोर असताना तिकडे दुसरा संसार? खलास. हे नाव माझ्यासमोर पुन्हा घ्यायचं नाही."

ते गेले आणि शुक्रवारचे यायचे बंद झाले. तीन आठवडे त्यांच्या वाटणीची सुरमई तशीच उरली. फोन उचलेनात. मी नवी नवरी होऊन या शहरात उतरले, तेव्हा एअरपोर्टवर माझी बॅग उचलणारा माणूस तो. त्यालाच मी दुखावलं होतं. मी सगळे कागद कपाटात टाकून दिले.

*

पण ग्रुपवरच्या ताई काही थांबल्या नव्हत्या. त्यांनी कळवलं, हलीमाबीच्या तिकडच्या वंशातला एक मुलगा इथेच, उम्म सलाल मोहम्मदला एसी टेक्निशियन आहे. नाव युसुफ. मी ईदला त्याला बोलावलं. मामूही आले, ईदला रुसवा चालत नाही म्हणून. युसुफ कोण हे कळल्यावर मात्र त्यांनी तोंड जे फिरवलं, ते भिंतीकडेच.

युसुफने डब्यात शीरखुर्मा आणला होता. बोलता बोलता त्याने पहिली वाटी भरली आणि कुणालाच न देता बाजूला ठेवली.

मामूंना राहवेना. "ये किसके लिए?"

"हमारे यहाँ हर ईद को एक कटोरी अलग निकालते हैं, नानाजी. हलीमा नानी के ज़माने से. उनका छोटा बेटा रत्नागिरी में छूट गया था. वो आएगा तो खाएगा."

"और नहीं आया तो?"

"शाम को बच्चों में बाँट देते हैं."

मामूंचं वय एकसष्ट, शुगरची गोळी दिवसातून दोनदा. त्यांनी ती वाटी दोन्ही हातांनी पुढ्यात ओढली.

"बाँटना मत," ते म्हणाले. "आ गया वो!"