मिकेसच्या दारातली गव्हाची ताटली

"धुकं होतं. मला होडी दिसली नाही," मिकेस म्हणाला.

"दिवा होता तिच्यावर. मीच तेल घातलं होतं," माझा दीर स्केवोस म्हणाला.

"मग तुझं तेलच पाणचट असेल!"

बर्फाच्या गोदामामागे जाळं शिवता शिवता मी हे ऐकलं. माझा नवरा थेमेलिस जाऊन तिसरा दिवस होता. मिकेसच्या मोठ्या मासेमारी जहाजाने त्याची होडी चिरडली आणि ते थांबलंसुद्धा नाही.

स्केवोस मासेमारी सोडून तटरक्षकांच्या गस्तीच्या जहाजावर लागला. आमच्या कालिम्नोस बेटभर बोलणं झालं, पोरगा गणवेशाला भुलला. मला ठाऊक होतं, तो समुद्रात मिकेसची वाट बघायला गेलाय. तेवीस वर्षं त्याने भरकटलेल्या नावा ओढून आणल्या, अडलेल्या बाळंतिणी शेजारच्या कोस बेटावरच्या दवाखान्यात पोचवल्या, किती बुडणारे वर काढले. वाट बघणं सोडलं नाही.

एका फेब्रुवारीत दक्षिणेच्या वाऱ्यात मिकेसचं जहाज उलटलं. तो फळीला लटकलेला, आणि गस्तीच्या जहाजाच्या डेकवर दोर घेऊन नेमका आमचा स्केवोस.

"दोर टाक रे!"

"दिवा दिसला होता?"

"मी मरतोय, स्केवोस!"

"मग लवकर सांग."

"दिसला! दिसला होता!"

तेव्हा दोर गेला. चौकशीत मिकेस म्हणाला, बुडणारा काहीही बोलतो. साहेबांना पटलं. शिक्षा झाली ती दोर उशिरा टाकला म्हणून स्केवोसला, दोन महिने किनाऱ्यावर बसायची.

"वहिनी," तो घरी येऊन म्हणाला, "दादाच्या स्मरणदिनाचा गहू यंदा ताटलीभर जास्त उकड."

डाळिंब-बदाम घातलेला तो गहू घेऊन तो चर्च सुटायच्या वेळी मिकेसच्या दारात उभा राहिला. मेलेल्याच्या नावाचा घास आमच्यात कुणी नाकारत नाही, आणि खाताना त्याच्यासाठी दोन शब्द म्हणावेच लागतात.

"देव थेमेलिसला क्षमा करो," मिकेस पुटपुटला.

"मोठ्याने. बायकांना ऐकू जाऊ दे."

अशी अकरा वर्षं. मी गहू मन लावून उकडायचे, खोटं कशाला बोलू.

स्वतः मरायच्या नऊ दिवस आधी स्केवोस शेवटची ताटली घेऊन गेला. गुडघे कामातून गेलेले. म्हटलं, मी देते पोचवून.

"तू साखर जास्त घालतेस, तेवढं पुरे," म्हणाला.

मिकेसच्या तोंडात आता दात नाहीत. बदामांना फार वेळ लागला. स्केवोस चौकट धरून उभा.

"एक दाणा राहिलाय."

मिकेसने तो खाल्ला. स्केवोसने ताटली घरी आणली, विसळली आणि पालथी घातली.