बद्रीनाथची खिडकी

बद्रीनाथ खिडक्या बसवतो. हडपसरच्या आयटी पार्कभोवती गेल्या काही वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी घरांच्या सरकत्या खिडक्या त्याच्या हातच्या. आम्ही त्या उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. बाहेर धूळ, आत एसी. मी सदाशिव पेठेतून इथं आलो तो मोकळी हवा मिळेल म्हणून, आणि आल्याबरोबर रस्त्याचा आवाज नको म्हणून जाड काचेची नवी खिडकी बसवून घेतली. ती बसवायला बद्रीनाथ आला होता.

जुनी खिडकी काढून भिंतीला टेकवल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला.

"साहेब, हे भंगारात देता का? मले द्या. आमच्या खोलीले खिडकीच नाही."

"छान! सगळ्या गावाला खिडक्या, आणि तुमच्याच घरी नाही?" मी म्हटलं. पुण्यात जन्म गेला की असं तोंडातून जातंच.

तो हसला नाही. "बायकोले टीबी झाला, साहेब," एवढंच म्हणाला. मी खिडकी त्याला देऊन टाकली.

त्याची बायको इंदुबाई वर्षभर खोकत होती. शहराची हवा बाधली असेल, असं समजून त्यानं तिला वाशीमकडं गावी पाठवलं. तिथलं घर म्हणजे एक दार, आतच चूल, उशाशी सोयाबीनची पोती आणि ओल आलेल्या भिंती. ती परतली ती वाळून, जास्त खोकत. "गावात हवा वावरात राहते, साहेब. घरात नाही राहत," बद्रीनाथ म्हणाला. इथं आल्यावर तपासणी झाली आणि टीबी निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, औषधं चुकवू नका आणि खोलीत हवा खेळती ठेवा. खोलीला दार एकच, वर पत्रा. हवा खेळणार कुठून?

घरमालक ज्ञानदेव. त्याची शेती आयटी पार्कात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यानं भाड्याच्या खोल्यांच्या ओळी काढल्या. तो म्हणाला, "बसव की खिडकी. मागं मोकळंच हाय."

बद्रीनाथनं सुट्टीच्या दिवशी भिंत फोडून ती बसवली. मी मुद्दाम बघायला गेलो. तोंडाला पदर लावून इंदुबाई खिडकीखाली मेथी निवडत होती. "आता दिवसा लाईट लावा लागत नाही," ती म्हणाली. तिला झोप लागू लागली होती, जेवण जाऊ लागलं होतं. मला खरंच आनंद झाला.

दिवाळीच्या आधी ज्ञानदेवनं मागच्या मोकळ्या जागेत आणखी एक ओळ बांधली. खर्च वाचावा म्हणून मधली भिंत तीच ठेवली, म्हणजे बद्रीनाथची खिडकी आता पलीकडच्या खोलीत उघडणार. बद्रीनाथ हात जोडून सांगायला गेला, तर म्हणाला, "भिंत माझी हाय. तिकडं बी माणसंच राहणार हायेत."

पलीकडं रामदास आणि नंदा राहायला आले, अंगावरचं बाळ घेऊन. त्यांच्याही खोलीला एकच दार. बद्रीनाथ मधली खिडकी विटांनी बुजवायला लागला, तशी नंदा पलीकडून म्हणाली, "दादा, बुजवू नका. लेकराला तेवढीच हवा येते."

तिची हवा यांच्या खोलीतून जायची, यांची तिच्या खोलीतून यायची.

पण ते बाळ बघितल्यापासून इंदुबाईच्या जिवाला चैन नव्हती. औषध लागू पडेपर्यंत तिचा खोकला लहान लेकराला बाधू शकतो, हे तिला ठाऊक होतं. अशा ओळीत टीबी बोलून दाखवला की खोली जाते, हेही ठाऊक होतं. तरी तिनं नंदाला स्वतःहून सांगितलं. नंदानं बाळाला खिडकीजवळून उचललं. मग इंदुबाईनं आपल्याच हातानं काच सरकवली आणि कडी लावली. आता ती दिवसभर दारात बसते. समोर गटार, शेजारी पाणी तापवायच्या बंबाचा धूर.

परवा माझ्याकडं डासांची जाळी बसवायला बद्रीनाथ आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणते आमची खिडकी?"

तो खिडकीच्या रुळातली धूळ पुसत राहिला.

"चांगली हाये, साहेब," तो म्हणाला. "लावली की इकडची हवा तिकडं जराही जात नाही."