मेंढ्यांनी दाबलेलं ग्राउंड

शिरड शहापूर सोडलं त्या दिवशी माझ्या पोरानं, सुदामनं, जीपच्या टपावर माझी खाट चढू दिली न्हाई. "आबा, फ्लॅटमधी दिवाण हाय," म्हणाला. मी म्हणलं, दिवाणावर तू झोप. लई वेळ हुज्जत झाली. शेवटी खाट भावाच्या गुरांच्या कोठ्यात गेली अन् मी घोंगडं आणि पत्र्याची पेटी घेऊन जीपजवळ उभा राहिलो. बायको जाऊन वरीस झालं होतं. मेंढरं इकून झाली होती. रान भावानं करायला घेतलं होतं. आता आडवं येण्यासारखं काहीच उरलं न्हाई, असं सुदामला वाटत होतं अन् ते खरंबी होतं.

निरोपाला वानखेडे मास्तर आले. हायस्कुलाचे खेळाचे मास्तर. तवा ते रिटायर झालेले होते, पण शिट्टी गळ्यातच. मूळचे अकोल्याकडचे, त्यामुळं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. आमी हसायचो, त्यांना काही फरक पडत नव्हता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाय सटवाभाऊ. काई फिकर करू नोको. म्या हाओ ना अठी."

मी म्हणलं, "तुमी राहणारच की मास्तर. तुमाला कुठं जायचंय."

ते नुसते हसले.

हे मी शिरडात राहिलेल्यांसाठी लिहितो, अन् माझ्यासारखं पोटामागं किंवा पोरामागं पुण्याला, संभाजीनगरला गेलेल्यांसाठीबी. मी तिसरी शिकलेला माणूस. शुद्धलेखन कोणी तपासू नये. पण मास्तरांबद्दल लिहायचं तर मीच लिहिणार. दुसऱ्यानं लिहिलं तर ग्राउंड कोणाचं होतं हे तो बराबर विसरंल.

मास्तर नोकरीला आले तवा हायस्कुलाला ग्राउंड असं नव्हतंच. वर्गांच्या मागं नाला अन् पुढं रोड. रोडच्या कडंला शाळेला लागून माझा पाच-सहा गुंठ्यांचा पडीक तुकडा होता. मी तिथं मेंढरं बसवायचो. एक दिवस हा उंच, काळा माणूस माझ्याजवळ आला अन् म्हणाला, "भाऊ, अठी पोट्ट्यायले बास्केटबॉल शिकवतो म्हनतो."

मी इचारलं, ते काय असतं. तर म्हणाले, उंचावर टोपलं बांधायचं, बुड नसलेलं, अन् त्यात चेंडू टाकायचा. मी म्हणलं, बुड नसलेल्या टोपल्यात टाकून ठरंल का तो? मास्तर म्हणाले, "ठरला त खेळ संपला ना भाऊ."

मला माणूस आवडला. चावडीसमोर चार माणसांत मी जबान दिली: "मास्तर, तुमी शिरडात हाव तवर ग्राउंड तुमचं." आमच्याकडं कागद करायची रीत नव्हती. जबान दिली म्हंजे दिली. मेल्या बापाच्या जबानीवर लेकानं बैल सोडून दिल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुरूम आणला, पसरला, पण दाबायला रोलर कुठला. मास्तर दोन दिवस पोरांकडून पायांनी तुडवून घेत होते. मला हसू आलं. म्हणलं, मास्तर, पाणी मारून ठेवा, मी लावतो बंदोबस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरांचं समदं खांड त्या ओल्या मुरमावर घातलं अन् गोल गोल फिरवलं. मेंढीचा खूर लहान, वजन थोडं, पण शेकडो खूर एकाच जागी पडले की जमीन अशी बसते की कुदळ लागंना. तालुक्याचा साहेब बघायला आला तो म्हणाला, रोलर कुठून मिळाला? मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, "हे काय, फेटा बांधून उभं हाय."

पण एक गोष्ट ना माझ्या डोक्यात आली, ना त्यांच्या. उन्हाळाभर मेंढरांनी बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या. लेंड्या मुरमात दाबल्या गेल्या. पावसाळा लागला अन् समद्या ग्राउंडवर बाभळीची रोपं वर आली, ओळीनं पेरल्यावानी. इवलाले काटे. त्या वर्षी चेंडू फुटले तेवढे पुन्हा कधी फुटले न्हाईत. मास्तर रोज तासाच्या आधी पोरांना वाकून रोपं उपटायला लावायचे. पुढं सांगायचे, आमच्या पोट्ट्यायची कंबर लवचिक काहून हाय, त बाभळीनं. खेळतानाबी पोरं वाकलेलीच राहायची, अन् म्हणे त्या खेळाला तेच लागतं.

दुसरी त्यांची रीत पाण्याची. खेळायला येताना हरएकानं घरून लोटाभर पाणी आणायचं अन् ग्राउंडवर शिंपडायचं. धूळ बसावी म्हणून. पाणीटंचाईत आया ओरडायच्या, तर मास्तर म्हणायचे, तोंड धुतलेलं आना. सरपंचाचं पोरगं असो का तांड्यावरची पोरगी, लोटा न्हाई तर खेळ न्हाई.

तांड्यावरच्या सुनीताचं तर समद्यांना ठाऊकच हाय. तिचा बाप मास्तरांवर चिडून आला होता. "पोरीला काय उड्या मारायला शिकवता मास्तर?" मी तिथंच बसलो होतो. मास्तर शांतपणानं म्हणाले, "उड्या त तिले येतेच बाप्पा. म्या खाली उतरनं शिकोतो." अन् त्याच्यासमोर पोरीला उडी मारायला लावली. ती धपकन पडली. मंग गुडघे कसे वाकवायचे ते दाखवलं अन् पुन्हा उडायला लावलं. ह्या वेळी आवाजच झाला न्हाई, मांजरीवानी टेकली. तसा बाप म्हणाला, "अंधार पडायच्या आत घरी धाडा म्हंजे झालं."

हिंगोलीला पहिल्यांदा गेले तवा आमची पोरं सपाटून हरली. तिथलं ग्राउंड सिमेंटचं. आमच्या मुरमावर चेंडू कंबरेपर्यंत यायचा, तिथं डोक्यावरून जायचा. माझा सुदामबी होता त्यात, बुटका, पण पास बराबर द्यायचा. येताना जीपमधी पोरं रडत होती. मास्तरांनी औंढ्याला भजे घेऊन दिले अन् म्हणाले, "सिमेंटावर कोनीबी खेळते. खा आता." पुढल्या वर्षी तीच पोरं जिंकून आली. त्यातली किती पोलिसात गेली, किती मिलिटरीत, मी सांगायला नको. जे कोणी काहीच झाले न्हाईत, तेबी चांगले निघाले.

आता इथलं सांगतो. सुदामच्या सोसायटीत लिफ्ट हाय, गेटवर वॉचमन हाय, अन् क्लब हाऊसच्या मागं बास्केटबॉलचं ग्राउंडबी हाय. खाली हिरवं प्लास्टिक. पाणी मारायची गरज न्हाई, बाभूळ उगवायची भीती न्हाई. मी संध्याकाळी बाकावर बसतो. एकदा एका पोराचा चेंडू सारखा हुकत होता. मी म्हणलं, "टोपल्याकडं काहून बघतो? फळीवरल्या चौकटीकडं बघ." त्यानं तसं केलं अन् चेंडू गेला. त्याची आई म्हणाली, "आजोबा, तुम्ही खेळायचात का?" मी म्हणलं, "न्हाई. माझं ग्राउंड होतं." तिला वाटलं असंल, म्हातारं बढाया मारतंय.

ह्या फ्लॅटमधी मी हॉलमधी झोपतो. नातीची बारावी हाय, ती एका खोलीत. दुसरीत सुदाम अन् सून. तकलीफ कोणाला देत न्हाई, पण पहाटे उठलो की खोकला दाबावा लागतो. सुदामला ते दिसतं. त्याला मोठी जागा घ्यायची होती, अन् रोडच्या तुकड्यावर दुकानं बांधायला एक माणूस कवाधरनं मागं लागला होता. सुदामनं कधी विषय काढला न्हाई. मास्तर हयात होते.

मंग एक दिवस सुनीताचा फोन आला. ती आता त्याच हायस्कुलात खेळाची मॅडम हाय. म्हणाली, "काका, सर गेले. सकाळी ग्राउंडवर पाणी मारून आले, चहा ठेवला अन् खुर्चीत बसले ते बसलेच."

तेरवीला आमी बापलेक निघालो. यष्टीत परभणी गेल्यावर सुदाम हळू बोलला. "आबा, राग मानू नका. तुमी म्हणला होता, मास्तर शिरडात हाईत तवर."

"म्हणलो होतो."

"मंग जबान पुरी झाली की."

पोरगं हिशोबानं बराबर होतं.

तेरवी शिरडातच होती. मास्तरांची लेक मंदा अमरावतीहून आली होती. वाढता वाढता ती माझ्यापुढं बसली. "काका, तुमच्यावर माहा लई राग व्हता."

"काहून गं?"

"बाबा रिटायर झाले तवापासून बोलावून राहिली मी. आई गेल्यावर तर हात जोडले. दर खेपेले त्यायचं एकच. म्या गेलो त ग्राउंड जाईन, सटवाभाऊची जबान तशी हाय."

मी घास ताटात ठेवला. मी म्हणलं, "अगं, मला एकदा म्हणायचं त्यांनी."

"म्या म्हनलं व्हतं तसं. त म्हने, थो माणूस आपली जबान पाळते, मंग म्या काहून न्हाई पाळाची."

ती जबान मी चुकीची दिली असं मी आजबी म्हणणार न्हाई. तिच्यामुळं शिरडाला मास्तर जन्मभर पुरले. पण मला इतके दिवस वाटत होतं की मी जमीन बांधून दिली. बांधला होता तो माणूस. मी गावचा, बापजाद्यांपासूनचा, घोंगडं उचलून पुण्याला गेलो. तो परगावचा, एका खोलीत हातानं भाकरी थापत तिथं बसून राहिला. अन् मी त्यालाच म्हणलं होतं, तुमाला कुठं जायचंय.

जेवणं झाल्यावर मी ग्राउंडवर गेलो. सुदाम मागं आला. पोरं-पोरी पाणी शिंपडत होती, सुनीता शिट्टी वाजवत होती. ती जवळ आली तसं मी म्हणलं, "सुनीता, इकडं ये. सुदाम, तूबी ऐक. सुनीता शिरडात हाय तवर—"

अन् माझंच तोंड थांबलं. सुनीताचा नवरा नांदेडला नोकरीला, लेकरू सासूपाशी. ती माझ्याकडं बघत होती.

"काका," ती म्हणाली, "मला नको तसली जबान. एक सर पुरे झाले."

मंग सुदाम बोलला, खाली बघत. "आबा, लिहून द्या. शाळेच्या नावानं, कायमचं."

"तुला इकायचं होतं ना?"

"अजूनबी इकावं वाटतं. तुमच्या माघारी मी इकीन, मला मी माहीत हाय. म्हणून म्हणतो, आताच द्या."

पोरगं लहानपणापासून बुटकं, पण त्या दिवशी मला त्याच्याकडं मान वर करून बघावं लागलं. मी म्हणलं, "अन् तुझी मोठी जागा?"

"तुमी जरा कमी खोका," म्हणाला. सुनीता हसली, मंग मीबी.

औंढ्याला कचेरीत दोन-तीन खेटे झाले. अंगठा पुढं करा म्हणाले, तर मी म्हणलं, अंगठा घ्या पण सहीबी घ्या, मला येते. कारकुनानं इचारलं, "बाबा, अट काही घालायची का? नाव द्यायचं, पाटी लावायची?" मी म्हणलं, न्हाई. तो म्हणाला, लोक घालतात. मी म्हणलं, लोकांचं लोक बघतील. माझ्या अटीनं एकदा काम केलंय.

येताना पुण्याच्या गाडीत शेजारी एक जण बसला. वसमतचा होता, चाकणला कंपनीत. आमच्याकडची माणसं गाडीत बसली की आधी गाव इचारतात, मंग नाव. त्यानंबी इचारलं, "गाव कोणतं बाबा?"

"शिरड शहापूर."

"घर हाय का तिकडं अजून?"

मी इचार करू लागलो. कोठ्यात खाट हाय, तिच्यावर भावाची पेंडीची पोती. घराचे पत्रे पुतण्यानं काढून नेलेत. रान भाऊ करतो.

"घर न्हाई," मी म्हणलं. "ग्राउंड हाय आमचं. रोडला लागूनच. पोरं खेळत असतात, दिसंल तुमाला."

आमचं म्हणलो. सुदाम पुढल्या सीटवर होता, त्यानं ऐकलं अन् मागं वळून बघितलं. मी ते दुरुस्त केलं न्हाई, अन् त्यानंबी करायला लावलं न्हाई.