गिरिजव्वाच्या कवळीतली फट

"कवळीला भोकं पाडणार? कवळी आहे ती, चाळण नव्हे."

"अव्वा, तोंडात एक दात नाही तुमच्या. मग गाइड टेकवायचं कशावर?"

"हाडावर टेकव."

"त्यासाठी सगळी हिरडी उघडावी लागते. तुमची साखर बघता जखम भरणार नाही. हिरडीवर बसणारंच बरं. पण ते करायचं तर कवळीला भोकं पाडून, त्यांत स्कॅनमध्ये दिसणाऱ्या खुणा भरून स्कॅन लागतो."

गाइड म्हणजे नवे पक्के दात बसवताना जबड्याच्या हाडात स्क्रू कुठे जायचा ते ठरवणारा प्लास्टिकचा साचा. दावणगेरेतल्या ज्या दवाखान्यात मी मदतनीस आहे, तिथे सुमा डॉक्टरांशी त्यावरून भांडणारी एकटी गिरिजव्वा. तिचा नवरा चन्नबसप्पा जन्मभर लोकांच्या कवळ्या करत आला. सगळ्यांचे दात ओळीत लावायचा. बायकोच्या मात्र समोरच्या दोन दातांत फट ठेवली. तरुणपणी तिची होती तशीच. "बघायला गेलो तेव्हा आधी फट दिसली, मग मुलगी," असं सांगून स्वतःच हसायचा.

तो गेला आणि हळूहळू कवळी सैल पडली. बोलता बोलता निसटायची. गिरिजव्वा भाकरी ताकात कुस्करून खायची, पण नव्या दातांचं नाव काढू द्यायची नाही.

"बरं," डॉक्टर शेवटी म्हणाल्या, "कवळीला आतून अस्तर घालू, मग तिची नक्कल काढू. भोकं नकलेला. आणि नव्या दातांतही हीच फट ठेवीन."

"हीच?"

"हीच, अव्वा."

तेव्हा कुठे तिने कवळी काढून माझ्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात लॅबचा मंजुनाथ डबी घेऊन आला, खुशीत. "आता हलणार नाही बघा, अव्वा. नक्कलही तयार आहे. आणि समोर फट राहिली होती ना, बनवणाऱ्याची चूक, तीही भरून टाकली. आता कसे एकसारखे दिसतात."

गिरिजव्वाने कवळी उजेडात धरली. समोरच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. परत फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

मंजुनाथ माझ्याकडे बघू लागला. मी खाली बघितलं.

"घासून पुन्हा फट करता येईल, अव्वा," डॉक्टर घाईने म्हणाल्या. "अगदी होती तशी."

"त्यांनी केली होती तशी?"

डॉक्टरांनी नजर नकलेकडे वळवली. मग हलकेच म्हणाल्या, "गाइडचं काय करू मग? करायला टाकू ना?"

गिरिजव्वाने कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी माझ्या टेबलावर सरकवली. पदर तोंडावर धरला, दारात वाकून चपला शोधल्या, आणि निघून गेली.