तळलेल्या रंगकाड्या

लेक सातवीत गेली त्या उन्हाळ्यात तिच्या चित्रकलेच्या वर्गाचे वर्ध्याला प्रदर्शन होते. तिला पळसाचे झाड रंगवायचे होते आणि फुलांसाठी बोटाने पसरणारे, कोरडे पेस्टल हवे होते. देवळीच्या दुकानात फक्त मेणाचे खडू मिळत. म्हटले, घरीच करू.

खडूची भुकटी, गेरू आणि हळद मी काट्यावर तोलली आणि साबुदाण्याच्या खळीत कणकेसारखी मळली. या कामात हिशेब आहे, म्हणून मला ते आवडले. रंगीत गोळ्याचा अर्धा भाग घ्यायचा, त्यात नुसत्या खडूच्या भुकटीचा तेवढाच पांढरा गोळा मिसळायचा, की फिकी छटा तयार. तिच्यातला पुन्हा अर्धा घ्यायचा. अशा पाच छटांच्या काड्या पोळपाटावर वळल्या. उन्हात त्या तडकतात, म्हणून ताट गच्चीवर बाजेखाली ठेवले.

खळ मात्र दाट झाली होती. वाळलेली काडी कागदावर ओढली तर नुसता ओरखडा. प्रदर्शन परवावर आलेले. लेक रडकुंडीला आली.

इतक्यात वडनेरहून आलेल्या सासूबाई स्वयंपाकघरातून बशी घेऊन आल्या.

"जावईबापू, सांडगे सावलीत काऊन ठेवले? म्या एक तळून पाह्यला. फुलला मस्त, पण मीठच नाई!"

"माय, तो रंग हाये!" बायको ओरडली.

"मंग मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

"खाल्ला का?" मी विचारले.

"अर्धा. जावयाच्या हातचा, टाकू कसा?"

लेकीने बशीतला उरलेला अर्धा उचलून कागदावर घासला. जाड भगवी रेघ उमटली आणि बोटाने पसरलीही. फुलल्यामुळे काडी भुसभुशीत झाली होती.

"आजी, बाकीच्या पण तळून दे ना!"

सासूबाईंनी पदर खोचला. मी तोलूनमापून केलेल्या पाच छटा जवसाच्या तेलात पडल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यातल्या तीनच ओळखू येत होत्या. मी झाऱ्यावर वाकून पाहू लागलो.

"सरका तिकडं, जावईबापू. तेल उडते."

प्रदर्शनात चित्र लागले. फुलांभोवती तेल पसरले होते, पण लोकांना तो संध्याकाळचा उजेड वाटला. दुपारपर्यंत चित्रातल्या खोडावर मुंग्यांची रांग लागली.

एक वयस्कर पाहुणे चष्मा पुसून म्हणाले, "मुंग्या काय हुबेहूब काढल्या, बाळा!"

तेवढ्यात रांग फांदीकडे वळली. लेकीने घाईने त्यांचा हात धरला आणि त्यांना पुढच्या चित्राकडे नेले.